बोसपाडा गल्लीतले भगिनींचे घर

१२ नोव्हेंबर १८९८ची संध्याकाळ. कलकत्त्याच्या बागबाजारात रामकांत बोस स्ट्रीटवरच्या बलराम बोसांच्या वाड्यात श्रीरामकृष्णांचे गृहस्थ भक्त जमले होते. बलरामबाबू जाऊन आठ वर्षे झाली होती, पण त्यांच्या घराचा दरवाजा पूर्वीसारखाच सर्वांना उघडा होता. रामकृष्ण मिशनची स्थापना दीड वर्षापूर्वी, १ मे १८९७ रोजी, याच घरात झाली होती. त्या संध्याकाळी बोलायला उभी होती मार्गारेट नोबल ही एकतीस वर्षांची आयरिश शिक्षिका. विषय होता बागबाजारच्या मुलींसाठी शाळा. श्रोत्यांत ‘श्रीरामकृष्ण-कथामृत’चे कर्ते मास्टरमहाशय, म्हणजे महेंद्रनाथ गुप्त, होते, सुरेश दत्त होते, हरमोहनबाबू होते. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, पण मुलगी पाठवतो असे म्हणायला कोणी पुढे येईना.

स्वामी विवेकानंद मागून येऊन गुपचूप बसले होते. त्यांनी पुढच्या मंडळींना कोपराने ढोसायला सुरुवात केली. नुसते मुलींचे बाप होऊन भागत नाही, त्यांच्या शिक्षणाचे बघायला नको का, उठा, बोला, असे कानात सांगू लागले. तरीही कोणी उठेना, तेव्हा त्यांनी स्वतःच मोठ्याने जाहीर करून टाकले की हे गृहस्थ आपली मुलगी तुमच्या शाळेला देत आहेत. हे गृहस्थ म्हणजे हरमोहनबाबू. त्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही आणि मार्गारेटबाईंना पहिली विद्यार्थिनी मिळाली. आनंदाने त्यांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, कालीपूजा होती. त्या दिवशी बोसपाडा लेनमधल्या १६ क्रमांकाच्या भाड्याच्या घरात शाळा सुरू झाली. पूजा केली ती श्रीरामकृष्णांच्या पत्नी श्रीसारदादेवींनी. स्वामी विवेकानंद आणि त्यांचे गुरुबंधू ब्रह्मानंद व सारदानंद हजर होते. पूजेनंतर सारदादेवींनी हलक्या आवाजात आशीर्वाद दिला. चारचौघांत मोठ्याने बोलायची त्यांना सवयच नव्हती, म्हणून त्यांच्या सोबतीण गोलाप-माँनी तो सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा सांगितला. या शाळेवर जगन्मातेची कृपा राहो आणि इथे शिकलेल्या मुली आदर्श व्हाव्यात, असा त्याचा आशय होता.

आज ‘रामकृष्ण सारदा मिशन भगिनी निवेदिता बालिका विद्यालय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा जन्म तो असा. तिच्या पहिल्या काही दशकांचा इतिहास सांगताना मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. ही शाळा टिकली ती पैशामुळे नाही. पैसा तिच्यापाशी फारसा कधी नव्हताच. अभ्यासक्रमामुळे किंवा इमारतीमुळेही ती टिकली नाही. एका छपराखाली, एका व्रताने राहणाऱ्या बायका तिच्यामागे उभ्या होत्या आणि त्यांतली प्रत्येक जण पुढचीला तयार करत गेली, म्हणून ती टिकली. निवेदितांच्या घराला त्यांचे इंग्रज मित्र ‘भगिनींचे घर’ म्हणत. शाळा त्या घराच्या पोटात होती, हे लक्षात घेतले नाही तर हा इतिहास नीट उलगडत नाही.

मार्गारेट एलिझाबेथ नोबल यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६७चा, उत्तर आयर्लंडमधल्या डंगॅननचा. घर धर्मोपदेशकाचे, वडील लवकर गेलेले. सतराव्या वर्षापासून त्या शिकवत होत्या. केझिक, रेक्सहॅम, चेस्टर अशी नोकऱ्यांची गावे करत त्या लंडनजवळ विंबल्डनला आल्या आणि तिथे त्यांनी स्वतःची शाळा काढली. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांच्या शिक्षणविचारांचा अभ्यास त्यांनी मनापासून केला होता. मुलाला आधी हाताने करू द्यावे, डोळ्यांनी पाहू द्यावे, शब्द मागून येतात, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली होती. १८९५च्या नोव्हेंबरात लंडनमधल्या एका दिवाणखान्यात त्यांनी विवेकानंदांना प्रथम ऐकले. दोन वर्षे त्या वाद घालत राहिल्या, प्रश्न विचारत राहिल्या. भारतात येऊ का, असे विचारल्यावर स्वामीजींनी २९ जुलै १८९७ रोजी अल्मोड्याहून लिहिलेल्या पत्रात काही झाकून ठेवले नाही. इथले दारिद्र्य, सोवळेओवळे, उष्मा, गोऱ्यांचा तिरस्कार आणि काळ्यांचा संशय, सगळे लिहिले. पण काम कर वा न कर, मी मरेपर्यंत तुझ्या पाठीशी आहे, असेही लिहिले. २८ जानेवारी १८९८ रोजी मार्गारेट कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. २५ मार्चला ब्रह्मचर्यदीक्षा मिळून त्यांचे नाव निवेदिता झाले.

दीक्षेच्या आठ दिवस आधीची एक भेट या संस्थेच्या दृष्टीने मला दीक्षेइतकीच महत्त्वाची वाटते. १७ मार्चला निवेदिता आणि विवेकानंदांच्या अमेरिकन स्नेही मिसेस सारा बुल व मिस जोसेफिन मॅक्लाउड या तिघी बोसपाडा लेनमधल्या १०/२ क्रमांकाच्या घरी सारदादेवींच्या दर्शनाला गेल्या. सारदादेवी म्हणजे जयरामबाटी या खेड्यातल्या ब्राह्मण विधवा. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. त्यांनी या तीन गोऱ्या बायकांना ‘माझ्या मुली’ म्हणून जवळ घेतले आणि त्यांच्याबरोबर बसून खाल्ले. १८९८ साली विधवा ब्राह्मण बाईने मेमसाहेबांच्या पंक्तीला बसणे केवढे धाडसाचे होते, हे पुण्या-नाशकाच्या त्या काळच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. विवेकानंदांनाही त्याचे नवल वाटले आणि त्यांनी ते पत्रातून गुरुबंधूंना कळवले. नोव्हेंबरात निवेदिता उत्तरेचा प्रवास आटोपून परतल्या तेव्हा त्यांना बागबाजारात जागा मिळेना, आणि सारदादेवींनी त्यांना चक्क आपल्याच बिऱ्हाडी ठेवून घेतले. गावाकडे नातलगांत याचे काय पडसाद उमटतील हे त्यांना पुरते ठाऊक होते. निवेदितांच्या ते पुढे लक्षात आले आणि त्या आठ-दहा दिवसांत वेगळे घर पाहून समोरच्याच बाजूला राहायला गेल्या. तरी दुपारचा वेळ त्या सारदादेवींच्या खोलीतच काढत. गोलाप-माँ, योगीन-माँ आणि आणखी काही बायका तिथे चटया टाकून, एकमेकींना खेटून झोपत. भगिनींच्या घराचा धडा निवेदितांनी या चटईवर घेतला.

शेजाऱ्यांना जिंकायला मात्र वेळ लागला. घरकामाला बाई मिळेना. शेवटी एक म्हातारी तयार झाली ती एका अटीवर: निवेदितांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, तिच्या चुलीला आणि पाण्याला हात लावायचा नाही. निवेदितांनी ती अट बिनतक्रार पाळली. स्वामीजींचे सांगणेच तसे होते. बागबाजारच्या सोवळ्या घरातली ब्रह्मचारिणी जशी राहील तसे राहायचे. खाणे, बसणे, विचार करणे, सगळे हिंदू घराचे. शिकवायला आलेल्या बाईने आधी वर्षभर शिकायचे, असा तो बेत होता.

गल्लीने त्यांना मनापासून आपले म्हटले ते १८९९च्या प्लेगात. मार्चअखेरीस रामकृष्ण मिशनने प्लेग-निवारणाचे काम हाती घेतले आणि त्याची सूत्रे निवेदितांकडे व स्वामी सदानंदांकडे आली. वस्त्यांतली घाण उपसायला माणसे कमी पडली तेव्हा निवेदिता स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर उतरल्या. ते पाहून पाड्यातले तरुण ओशाळले आणि कामाला लागले. डॉक्टर राधागोविंद कर (ज्यांच्या नावाचे आर. जी. कर रुग्णालय आज सर्वांना माहीत आहे) त्या दिवसांतली एक आठवण सांगत. बागबाजारातल्या एका झोपडीत प्लेग झालेले एक मूल त्यांनी सकाळी पाहिले होते. दुपारी पुन्हा गेले तर त्या ओल्या, कोंदट झोपडीत निवेदिता मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या. आपले घर सोडून त्या तिथेच राहिल्या. झोपडी निर्जंतुक करायची म्हणून लहानशी शिडी लावून त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतींना चुना दिला. मुलाची आई आधीच गेली होती. दोन दिवसांनी ते मूल निवेदितांना ‘माँ, माँ’ म्हणत त्यांच्याच हातात गेले.

पुण्यात त्याच सुमारास प्लेगच्या बंदोबस्ताने काय घडले ते मराठी वाचकाला माहीत आहे. गोऱ्या माणसाने घरात शिरणे म्हणजे धाक, असा तो काळ. बागबाजारात एक गोरी बाई घरात शिरली ती मूल मांडीवर घ्यायला. त्यानंतर पाड्यात मुलींना शाळेत पाठवायला फार आग्रह करावा लागला नाही.

तरीही जून १८९९मध्ये शाळा बंद झाली. कारण सरळ होते, हातात पैसा उरला नव्हता. शिवाय मुली सात-आठ वर्षांच्या येत आणि दहा-अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी जात. एकेकीला धड दोन वर्षेही मिळत नसत. २० जूनला निवेदिता स्वामीजींबरोबर बोटीने पश्चिमेला निघाल्या. काही चरित्रकार या प्रसंगाला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. या सात महिन्यांत त्यांनी शाळेतल्या मुलींच्या स्वभावाच्या, हाताच्या कसबाच्या, लक्ष लागण्या-न लागण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. या नोंदींतूनच त्यांना कळले की नुसती दिवसाची शाळा इथे पुरणार नाही, राहते घर हवे.

अमेरिकेत त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. शिकागोच्या हल हाऊसमध्येही त्या बोलल्या. जेन ॲडम्स यांनी १८८९ साली सुरू केलेले हे घर म्हणजे गरीब वस्तीच्या मधोमध एकत्र राहून काम करणाऱ्या सुशिक्षित बायकांचा संसार. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत मुलींची भगिनीमंडळे त्याआधीपासून होती. जॉर्जिया राज्यात मेकन गावच्या वेस्लियन महाविद्यालयातले मंडळ १८५१चे. एकमेकींच्या सोबतीने शिकण्याची आणि राहण्याची सवय तिथल्या एका पिढीला लागलेली होती. निवेदितांनी तिथल्या बायकांपुढे आपल्या शाळेचा आराखडा पुस्तिकेच्या रूपाने मांडला, तो आज वाचतानाही चकित करतो. कलकत्त्याजवळ गंगेकाठी एक घर आणि थोडी जमीन घ्यायची. तिथे वीस विधवा आणि वीस अनाथ मुली ठेवायच्या. सगळ्यांवर देखरेख सारदादेवींची. लिहिणे-वाचणे, गणित, शिवण आणि हाताचे काम शिकवायचे. घर स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून मुरंबे, लोणची, चटण्या करून त्या भारतात, इंग्लंडात आणि अमेरिकेत विकायच्या. आपल्याकडच्या महिला-गृहउद्योगांच्या कितीतरी आधी, १९००च्या आसपास, कागदावर उतरलेला हा विचार आहे.

इथे थोडे आपल्या बाजूचे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९चे, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. विधवेला शिकवायचे तर आधी तिला राहायला जागा द्यावी लागते, हे दोघांनीही ओळखले होते. खुद्द कलकत्त्यात १८९३ साली महाकाली पाठशाळा काढणाऱ्या माताजी तपस्विनी दक्षिणेकडून आलेल्या ब्राह्मण साध्वी होत्या. त्यांचे पूर्वीचे नाव गंगाबाई सांगतात. विवेकानंद १८९७मध्ये ती पाठशाळा पाहून आले होते आणि तिथली व्यवस्था त्यांना आवडली होती. बोसपाड्याच्या शाळेचा विचार करताना ही दक्षिणी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे असावी, हे कलकत्त्याच्या मराठी माणसाने विसरू नये.

१९०२च्या फेब्रुवारीत निवेदिता परतल्या आणि सरस्वतीपूजेच्या दिवशी शाळा पुन्हा उघडली, या वेळी १७, बोसपाडा लेनमध्ये. एप्रिलमध्ये विवेकानंदांच्या शिष्या क्रिस्टीन ग्रीनस्टिडेल आल्या. जन्माने जर्मन, न्यूरेंबर्गच्या. वाढल्या अमेरिकेत, डेट्रॉइटला. तिथे आईचा आणि धाकट्या बहिणींचा भार वाहत त्या वर्षानुवर्षे शाळेत शिकवत होत्या. ४ जुलैला विवेकानंद गेले. गुरूचे छत्र गेले आणि दोन परदेशी बायका एका गल्लीत एका शाळेसह उरल्या.

पुढची दहाएक वर्षे या दोघींनी जे घर चालवले त्याचे वर्णन सोपे नाही, कारण तिथे इतके काही एकदम चालले होते. सकाळी बागबाजारच्या मुली शिकायला येत. चिकणमातीची फळे करत, चित्रे काढत, शिवत, आलपना घालत. शाळेच्या ओसरीवर रांगोळीसारखी आलपना सुकत असायची आणि निवेदिता ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवायच्या. इतिहास-भूगोल गोष्टींतून सांगितला जाई. बंद गाडीतून मुलींना वस्तुसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय, दक्षिणेश्वर दाखवायला नेत. दहा वर्षांच्या ज्या मुलीने गल्लीचे टोक पाहिले नव्हते, तिने पहिल्यांदा वाघ पाहिला तो शाळेच्या सहलीत. १९०३च्या नोव्हेंबरात क्रिस्टीनबाईंनी पाड्यातल्या सुना आणि विधवांसाठी दुपारचा वर्ग काढला. दुपारची जेवणे आटोपली की या बायका पडद्याच्या पालखीगाडीतून किंवा मोलकरणीच्या सोबतीने येत. योगीन-माँ पुराणे सांगत, जगदीशचंद्र बोसांच्या भगिनी लावण्यप्रभा लिहा-वाचायला शिकवत, क्रिस्टीनबाई शिवण शिकवत. माझ्या मते हा वर्ग मुलींच्या शाळेहून मोठे काम होते. आई शिकू लागली की मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलायला बोलणारे कोणीतरी घरातच तयार होते.

त्याच घरात श्रीरामकृष्णांच्या वृद्ध शिष्या गोपालेर-माँ राहायला आल्या. कामारहाटीच्या घाटावर जपात आयुष्य काढलेली ही कडक सोवळ्याची ब्राह्मण विधवा आपल्या शेवटच्या आजारपणात एका आयरिश बाईच्या घरी राहिली आणि ८ जुलै १९०६ रोजी गंगातीरी गेली. शाळेच्या मुली तिच्याजवळ बसत. तिच्या सेवेसाठी निवेदितांनी एक ब्राह्मण बाई ठेवली होती, म्हणजे आजीचे सोवळे मोडायला नको.

एकादशीची गोष्ट बागबाजारात अजून सांगतात. शाळेत एक बालविधवा होती. एकादशीला तिला उपास पडे आणि निवेदिता त्या दिवशी तिच्यासाठी फराळाची सोय आवर्जून करत. एकदा त्या विसरल्या. संध्याकाळी जगदीशचंद्रांच्या घरी गेल्यावर आठवण झाली, तशा त्या उठल्या, घरी आल्या, मुलीला बोलावून घेतले. बाळ, मी तुला विसरले, मी स्वतः मात्र जेवले, असे म्हणत त्यांनी तिला समोर बसवून खायला घातले.

रविवारी सकाळी या घरी येणाऱ्यांची नावे घेतली तर तो काळच डोळ्यांपुढे उभा राहतो. जगदीशचंद्र आणि अबला बोस, रवींद्रनाथ, रमेशचंद्र दत्त, ‘स्टेट्समन’चे संपादक रॅटक्लिफ, तरुण नंदलाल बोस. आणि हिवाळ्यात कौन्सिलच्या बैठकांसाठी कलकत्त्यात मुक्काम असताना आपले गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांशी निवेदितांचे राजकारणात पटत नसे. त्या जहालांकडे झुकलेल्या, हे मवाळ. पण स्नेह शेवटपर्यंत टिकला. १९०५च्या काशी काँग्रेसला, गोखले अध्यक्ष असताना, त्या मुद्दाम गेल्या होत्या. १९१०मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी मिंटो आपली ओळख न देता ही शाळा पाहून गेल्या.

स्वदेशीच्या वर्षांत शाळेचा सूर बदलला. रोजच्या प्रार्थनेनंतर ‘वंदे मातरम्’ म्हटले जाई, तेही बाहेर त्यावर बंदी असताना. सूत काढायला शिकवण्यासाठी एक म्हातारी आणली, तिला मुली ‘चरखा-माँ’ म्हणू लागल्या. वज्राचे चिन्ह असलेला राष्ट्रध्वज निवेदितांनी कल्पिला आणि शाळेच्या मुलींनी तो भरतकामात उतरवला. १९०६च्या कलकत्ता काँग्रेसच्या प्रदर्शनात तो मांडला होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला मी बसलो तिच्याकडे वळतो. ऑगस्ट १९०७ ते जुलै १९०९ ही जवळजवळ दोन वर्षे निवेदिता भारतात नव्हत्या. १९१०च्या अखेरीस त्या पुन्हा गेल्या, मिसेस बुल यांच्या शेवटच्या आजारपणात. परतल्या त्या १९११च्या एप्रिलमध्ये. त्याआधी दोनदा जिवावरची दुखणी झाली, पूर्व बंगालच्या दुष्काळात त्यांनी काम केले, पुस्तके लिहिली. शाळेचे नाव त्यांचे खरे, पण शाळेची रोजची घंटा दुसऱ्या कोणीतरी वाजवली. आधी क्रिस्टीनबाईंनी, आणि नंतर सुधीराने.

सुधीरा बोस १८८९ची. तिचा भाऊ देवव्रत हा क्रांतिकारक. अलीपूर बाँब खटल्यात आरोपी होता, सुटला आणि पुढे रामकृष्ण संघाच्या बेलूर मठात स्वामी प्रज्ञानंद झाला. भावानेच बहिणीला शिकवले आणि लग्नाची सक्ती केली नाही. १९०६च्या सुमारास, विशी गाठायच्या आत, ती बोसपाड्याच्या शाळेत शिकवायला आली. बंगाली घरातली अविवाहित मुलगी रोज पायी शाळेत जाते, ही गोष्टच मुळी नवी होती. मुली तिला सुधीरादी म्हणत. निवेदितांची बंगाली कामचलाऊ होती, क्रिस्टीनबाईंची बरी. पण सुधीरादी मुलींच्याच बोलीत बोलायची, त्यांच्या घरचे ताणतणाव तिला न सांगता कळायचे. घरोघर जाऊन आई-आज्यांना राजी करायचे काम तिच्याइतके कोणालाच जमले नाही.

१३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंगला निवेदिता गेल्या. चव्वेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला पंधरा दिवस होते. आठवडाभर आधी, ७ ऑक्टोबरला, त्यांनी मृत्युपत्र केले: जे काही असेल ते बेलूर मठाच्या विश्वस्तांकडे, भारतीय स्त्रियांना राष्ट्रीय शिक्षण देण्यासाठी. १९१४ साली क्रिस्टीनबाई अमेरिकेला गेल्या आणि महायुद्ध पेटल्यामुळे दहा वर्षे तिकडेच अडकल्या. आता शाळा सर्वस्वी सुधीरादीवर आली. तिचे वय पंचवीस.

याच सुमारास तिने मातृमंदिर काढले. शाळेला जोडून अविवाहित आणि विधवा बायकांना राहायचे घर, निवेदितांच्या आराखड्यातल्या वीस विधवा आणि वीस मुलींच्या घराचे छोटे रूप. लोणच्यांची निर्यात झाली नाही आणि गंगेकाठची जमीनही नव्हती. भाड्याच्या घरात मुली एकत्र राहत, पहाटे उठून पूजा-पाठ करत, पाळीपाळीने स्वयंपाक करत, दिवसा शाळेत शिकत किंवा शिकवत. दोन पावलांवर रामकृष्ण संघाच्या ‘उद्बोधन’ मासिकाची वास्तू होती. सारदानंदांनी बांधलेल्या या घरात २३ मे १९०९पासून सारदादेवी राहत होत्या. मुली तिथे जात-येत, आणि सारदानंद या घराचे पालक म्हणून उभे राहिले. सारदादेवींच्या निधनानंतर मातृमंदिराचे नाव सारदामंदिर झाले. शाळा १९१८मध्ये रामकृष्ण मिशनच्या छत्राखाली आली.

मातृमंदिराच्या मुलींपैकी सरलाची हकीकत सांगितल्याशिवाय हे घर काय होते ते कळणार नाही. सरला १८९४ची. रिवाजाप्रमाणे लहानपणी लग्न झालेले. शाळेत असताना तिच्या मनाने वेगळी वाट धरली होती आणि १९११ साली सासरी पाठवायची वेळ आली तेव्हा ती सुधीरादीच्या मदतीने घरातून निघून गेली. काही काळ लपून राहावे लागले. पुढे सुधीरादीने तिला लेडी डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला लावले. भद्रघरातल्या मुलीने परिचारिका होणे तेव्हा हलके मानले जाई. पण आपल्या घरातल्या प्रत्येकीच्या हाताशी एक कसब असलेच पाहिजे, दुसऱ्याच्या दयेवर राहायचे नाही, यावर सुधीरादी अडून बसली. शिकून आलेल्या सरलाने सारदादेवींची त्यांच्या अखेरच्या दुखण्यात रात्रंदिवस शुश्रूषा केली. १९२०च्या जुलैमध्ये सारदादेवी गेल्या. त्याच वर्षाअखेरीस सुधीरा काशीजवळ रेल्वे अपघातात गेली. एकतिसाव्या वर्षी.

निवेदितांवर पुष्कळ पुस्तके सहज मिळतील. सुधीरावर शोधायला जावे तर मुलींच्या आठवणींतली काही पाने आणि शाळेच्या अहवालांतले काही परिच्छेद. हे बरोबर नाही असे मला तळमळून वाटते. परदेशातून आलेल्या बाईचा त्याग डोळ्यांत भरतो, तो भरायलाच हवा. पण पाड्यातल्याच मुलीने पाड्यात राहून, नातेवाइकांची बोलणी खाऊन, सहा वर्षे शाळा आणि वसतिगृह खांद्यावर पेलणे, तेही युद्धाच्या महागाईत, याला आपल्या इतिहासात जागा हवी. सुधीरा नसती तर निवेदितांच्या नावाची पाटी १९१४ सालीच उतरली असती.

सुधीरानंतर तिच्या हाताखाली तयार झालेल्या मुलींनी शाळा चालवली. क्रिस्टीनबाई १९२४ साली परतल्या तेव्हा त्यांना शाळेत अनोळखी पिढी दिसली. १९२८मध्ये त्या पुन्हा गेल्या आणि १९३०च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. स्वामी सारदानंद १९२७ साली गेले आणि सरला काशीला जाऊन तपस्येत राहिली, थोडीथोडकी नाही, सत्तावीस वर्षे. शाळा वाढत होती. बोसपाड्यात नवी इमारत उभी राहिली आणि तिचा पत्ता झाला ५, निवेदिता लेन.

२ डिसेंबर १९५४ रोजी दक्षिणेश्वरजवळ गंगेकाठी श्रीसारदा मठ स्थापन झाला. विवेकानंदांनी अगदी सुरुवातीपासून धरलेला हेका होता की स्त्रियांचा मठ हवा, आणि त्यात पुरुषांनी लुडबूड करायची नाही. अध्यक्षा म्हणून काशीहून बोलावून आणले ते सरलाला, वयाच्या साठाव्या वर्षी. १ जानेवारी १९५९ रोजी संन्यास घेऊन त्या प्रव्राजिका भारतीप्राणा झाल्या आणि त्याच वर्षी मठ पूर्ण स्वतंत्र झाला. पहिल्या सरचिटणीस प्रव्राजिका मुक्तिप्राणा याही निवेदिता विद्यालयातूनच आलेल्या. निवेदितांचे साधार बंगाली चरित्र त्यांनीच लिहिले. १९६०मध्ये रामकृष्ण सारदा मिशनची नोंदणी झाली आणि १९६३ साली रामकृष्ण मिशनने निवेदिता विद्यालय या मिशनच्या स्वाधीन केले. कालीपूजेच्या दिवशी सुरू झालेल्या शाळेचा सगळा कारभार, पासष्ट वर्षांनी, बायकांच्या हाती आला. १६, बोसपाडा लेनचे ते पहिले घर मात्र खासगी मालकीत पडून राहिले होते. राज्य सरकारने ते ताब्यात घेऊन २०१३ साली सारदा मिशनला दिले. डागडुजी होऊन आज तिथे संग्रहालय आहे.